बशीत जे उगवलं नाही

शेतकऱ्याच्या हातात आम्ही माती परीक्षणाचा जो कागद द्यायचो, त्यात सगळ्यात खाली एक ओळ असायची: एक ग्रॅम मातीत एकूण जिवाणू इतके लाख. सामू, क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश हे सगळं वर आणि शेवटी ही ओळ. लोक तीच आधी वाचायचे, कारण आपली माती जिवंत आहे का, हा प्रश्न आता शिरूर-दौंडकडच्या ऊसवाल्यांच्या तोंडी रोजचा आहे. ती ओळ लिहायचं काम माझं. माझं माहेर घोडनदीचं, सासर दौंड तालुक्यातलं, शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं. दोन्ही तालुक्यांतल्या गावांना जिवाणू खतं पुरवणारी एक छोटी प्रयोगशाळा मी बरीच वर्षं चालवली. त्या ओळीतला आकडा मी कधी खोटा लिहिला नाही. पण त्याचा जो अर्थ मी लोकांना सांगत होते तो चुकीचा होता, आणि माझ्या शब्दावर विसंबलेल्या माणसांना तो महागात पडला.

आकडा काढायची पद्धत साधी आहे. दहा ग्रॅम माती निर्जंतुक पाण्यात हलवायची. मग दहापट, शंभरपट, हजारपट असं विरळ करत जायचं. शेवटच्या नळ्यांतला थेंब न्यूट्रिएंट अगारच्या बशीवर पसरायचा, बशी ३७ अंशांना इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि ४८ तासांनी उमटलेल्या कॉलन्या मोजून गुणाकार करायचा. या माध्यमात लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन, ३ ग्रॅम मांसाचा अर्क आणि ५ ग्रॅम मीठ असतं. हे माध्यम आणि हे तापमान, दोन्ही रोगजंतू वाढवणाऱ्या वैद्यकीय प्रयोगशाळांकडून आमच्याकडे आलं. माणसाच्या अंगात राहणाऱ्या जंतूंना ते मानवतं. उसाच्या सरीत वीतभर खाली, बराचसा काळ उपाशी काढणाऱ्या जिवाणूसमोर एकदम एवढं अन्न आलं की त्याला ते झेपत नाही. कित्येक पेशी वाढतच नाहीत, कित्येक इतक्या सावकाश वाढतात की ४८ तासांत काही दिसत नाही, आणि जे मोजके झपाट्यानं वाढतात ते सगळी बशी व्यापतात.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी आणि बशीत उगवणाऱ्या कॉलन्या यांच्यात मोठी तफावत असते, हे सूक्ष्मजीवशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. जेम्स स्टॅली आणि ॲलन कोनोप्का यांनी १९८५ साली त्याबद्दल सविस्तर लिहिलं आणि तेव्हापासून ते पाठ्यपुस्तकांत आलं. मातीच्या बाबतीत शंभर पेशींमधली एखादीच नेहमीच्या बशीत उगवते, असं साधारणपणे धरतात. मी हे शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. नोकरीला लागल्यावर मात्र उरलेल्या नव्व्याण्णवांशी आपल्या कामाचा काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात राहिलं नाही. जे वाढेल ते मोजायचं आणि जे वाढलं नाही ते नाहीच असं समजायचं, हा माझा शिरस्ता झाला.

त्याचा पहिला मोठा फटका बसला तो दौंड तालुक्यातल्या एका आप्पांना. त्यांचं रान भीमेच्या काठाला. खोल काळी जमीन, कालव्याचं पाणी आणि वर्षानुवर्षं उसावर ऊस. निचऱ्याची सोय कोणी केलेली नाही. अशा जमिनी हळूहळू चोपण होतात. पाणी खाली जात नाही, क्षार वर येतात, उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरं फुटतं. आप्पांनी नमुना आणला तेव्हा सामू ९ च्या वर होता. बशीत जेमतेम काही कॉलन्या आल्या. मी अहवालात लिहिलं की जिवाणूंच्या दृष्टीनं जमीन मृतप्राय आहे.

आप्पांनी मला विचारलं होतं, "मॅडम, मेली म्हंजी आता काय करायचं?" मी म्हणाले, जिवंत माती वरून आणावी लागेल, शेणखत आणि आमची जिवाणू खतं द्यावी लागतील. मी आमचा माल खपवायला असं बोलले नव्हते, माझा त्यावर विश्वासच होता. आप्पांनी सोसायटीचं कर्ज घेऊन धरणातला गाळ आणला आणि त्या तुकड्यावर पसरला. गाळ चांगला होता. पहिली लागण बरी आली. खोडव्याला पुन्हा पांढरं फुटलं, कारण खालचं पाणी होतं तिथंच होतं. त्या जमिनीला आधी चर हवे होते, पाण्याला वाट हवी होती, जिप्सम हवं होतं. वरच्या रकान्यांतले सामू आणि क्षारतेचे आकडे तेच सांगत होते. मी मात्र खालच्या ओळीवर बोट ठेवून त्यांना भलत्याच खर्चात घातलं.

चूक आहे हे मला कोणा शास्त्रज्ञानं सांगितलं नाही. आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या मावशींनी सांगितलं. मोजून झालेल्या बशा आम्ही एका पाटीत टाकायचो आणि पुरेशा साठल्या की ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या वाफेच्या कुकरमध्ये, घालून मग धुवायला द्यायचो. मावशी एकदा पाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, या रिकाम्या म्हणून टाकल्या न्हवं? यात वाढतंय की." मी न पाहताच सांगितलं की हवेतली बुरशी असेल. हे त्यांनी मला पुढंही सांगितलं, आणि प्रत्येक वेळी मी तेच उत्तर दिलं. शेवटी त्यांनी एक बशी खिडकीच्या उजेडात माझ्या डोळ्यांसमोर धरली. टाचणीच्या टोकाएवढे, पाण्यासारखे पारदर्शक ठिपके होते. बुरशी नव्हती. ती आप्पांच्याच शेजारच्या रानातल्या मातीची बशी होती आणि माझ्या वहीत तिच्यापुढे जवळजवळ शून्य लिहिलेलं होतं.

त्यानंतर मी ती माती पुण्याला एका ओळखीच्या प्रयोगशाळेत नेली. तिथं डीएनएला चिकटून चमकणारा रंग घालून पेशी पाहता येतात. सूक्ष्मदर्शकात डोकावले तेव्हा मातीच्या कणांच्या कडांना सगळीकडे हिरवे ठिपके होते. चांगल्या मातीपेक्षा कमी असतील, पण मृतप्राय हा शब्द तिथं बसतच नव्हता. या जमिनीत राहणाऱ्यांना सामू ९ आणि क्षार हवेच होते. मी त्यांना सामू ७ चं माध्यम आणि दवाखान्याचं तापमान दिलं होतं.

मग मी माध्यम बदलायला घेतलं, आणि त्यातही चुकले. न्यूट्रिएंट अगार शंभरपट विरळ केला. त्याच रानातली माती पाण्यात उकळून, गाळून तिचा अर्क घातला. सामू चढवायला सोडियम कार्बोनेट घातलं. सगळं एकत्र करून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलं. बशा कोऱ्या राहिल्या आणि मी पुन्हा मातीला दोष दिला. कार्बोनेट वेगळं निर्जंतुक करून नंतर मिसळायचं असतं, हे मला एका कनिष्ठ सहकाऱ्यानं सांगितलं.

जपानी संशोधकांनी २०१४ साली याच्याशी जवळची एक गोष्ट दाखवली, आणि ती प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लावून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. फॉस्फेट आणि अगार एकत्र ऑटोक्लेव्ह केले की त्या उष्णतेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखमेवर लावतात तेच. फॉस्फेट आणि अगार वेगवेगळे निर्जंतुक करून मग मिसळले की कॉलन्या लक्षणीय वाढतात, आणि वाढलेल्यांत पूर्वी कधी न वाढवलेले प्रकारही सापडतात. सूक्ष्मजीव वाढत नाहीत म्हणून शतकभर आपण त्यांना हट्टी म्हणत आलो, आणि त्यातल्या काहींना आपल्याच कुकरमधून निघालेलं विष आपण भरवत होतो. मी तर दर आठवड्याला फॉस्फेट आणि अगार एकाच फ्लास्कमध्ये उकळत होते.

दुसरी गोष्ट उसाच्या ॲसिटोबॅक्टरची. उसाच्या आत राहून हवेतलं नत्र धरणारा हा जिवाणू आता इकडच्या शेतकऱ्यांना नावानं माहीत आहे. १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारं संवर्धन १०० लिटर पाण्यात कालवायचं, बेण्याच्या टिपऱ्या अर्धा तास बुडवायच्या आणि लागण करायची, ही शिफारस ऊसपट्ट्यात सर्रास सांगितली जाते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं संवर्धन वापरणारेही पुष्कळ आहेत. हा जिवाणू जगासमोर आला १९८८ साली, ब्राझीलमध्ये. व्लादिमिर काव्हालकांती आणि योहाना डोबेरायनर यांनी तो उसाच्या मुळांतून आणि खोडातून वेगळा काढला. डोबेरायनरबाईंची हातोटी अशी की ज्याला वाढवायचं त्याच्या घरची परिस्थिती त्या नळीत उभी करायच्या. नत्राचं खाद्य नाही, अगार अगदी थोडा, त्यामुळे माध्यम धड पातळ नाही की घट्ट नाही, आणि आत प्राणवायू कमी. या जिवाणूसाठी त्यांनी सामू ५.५ वर आणला आणि माध्यमात तब्बल १० टक्के साखर घातली. म्हणजे लिटरला १०० ग्रॅम. उसाच्या पेराच्या आत जे असतं तेच.

माझ्या मनात होतं की आपल्याच भागातला, आपल्याच उसात मुरलेला वाण शोधावा. विचार चांगला होता. पण कृतीत मी डोबेरायनरबाईंच्या पाककृतीवर हात चालवला. १०० ग्रॅम साखर मला अवाजवी वाटली. शिवाय ऑटोक्लेव्हमध्ये ती तपकिरी व्हायची, म्हणून मी ती कापून दहावा हिस्सा केली. बाहेरचे जंतू आत येऊ नयेत म्हणून कांड्यांचे पातळ काप करून मर्क्युरिक क्लोराइडमध्ये ठेवले. कापलेल्या तोंडांतून ते विष थेट आत गेलं आणि जे शोधायचं होतं तेही मेलं. नमुने घेतले ते शिरूर तालुक्यातल्या सगळ्यात जोमदार प्लॉटमधून, हिरवागार को ८६०३२, जिथं युरिया सढळ हातानं टाकलेला. नत्र खत जास्त दिलेल्या उसात हा जिवाणू कमी सापडतो, हे मेक्सिकोतल्या आणि तामिळनाडूतल्या संशोधकांनी १९९० च्या दशकातच दाखवलं होतं. ते मी वाचलेलं नव्हतं. वाचायला वेळ नाही अशी सबब मी स्वतःला देत होते. खरं म्हणजे आपल्याला येतं याची मला खात्री होती, म्हणून वाचलं नाही.

वाढला तो तेव्हा, जेव्हा यातली एकेक गोष्ट मी उलट केली. घोड नदीच्या बाजूला एका आजींचा जुना खोडवा होता. परवडत नाही म्हणून त्यात फारसं खत पडलेलंच नव्हतं. कांडं सोलून, ज्योतीवरून फिरवून, आतला रस पिळून घेतला. साखर पूर्ण १०० ग्रॅम. नळ्या ३० अंशांना ठेवल्या आणि हात लावला नाही. आठवडा उलटता उलटता माध्यमाच्या पृष्ठभागाखाली एक पातळ साय दिसली, मग ती वर सरकली आणि निर्देशकाचा रंग शोषून पिवळी-नारिंगी झाली. पुस्तकात लिहिलं होतं अगदी तशी. त्या दिवशी मला झालेला आनंद अजून शब्दांत सांगता येत नाही. आजींना सांगायला गेले तर त्यांनी विचारलं, "त्यानं माझा युरिया वाचल का?" मी म्हणाले, बघू, प्लॉट घेऊन बघू.

तो प्लॉट झालाच नाही, आणि ही माझी सगळ्यात मोठी चूक आहे.

कारण मधल्या काळात डीएनए वाचणं स्वस्त झालं. मातीची पिशवी एखाद्या कंपनीकडे पाठवायची, महिन्याभरात हजारो नावांची यादी संगणकावर येते. बशा नकोत, अगार नको, मावशींचं धुणं नको. मी भारावून गेले. एका महाविद्यालयात व्याख्यानाला बोलावलं होतं तिथं मी मुलांना सांगितलं की बशीचे दिवस आता संपले. एका मुलीला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी चोपण जमिनीतले सावकाश वाढणारे जिवाणू वाढवायचे होते. तिनं विरळ माध्यमांची टिपणंही काढून आणली होती. मी तिला म्हणाले, यात वर्ष जाईल आणि हाती काही लागणार नाही, त्यापेक्षा यादीचं विश्लेषण कर. तिनं ऐकलं. ती यादी आजही माझ्याकडे आहे. तिच्यात जवळपास निम्म्या ओळींपुढे 'अवर्गीकृत' असं लिहिलेलं आहे.

मतदार यादीत गावातलं प्रत्येक नाव सापडतं, पण त्यातला विहिरीचं काम जाणणारा कोण, हे यादी सांगत नाही. डीएनएच्या क्रमावरून एखादा जिवाणू नत्र धरत असावा असा अंदाज करता येतो. तो उसाच्या मुळाला चिकटतो का, ४० अंशांच्या उन्हाळ्यात पिशवीत टिकतो का, शेजारच्या बुरशीला दडपतो का, हे पाहायला तो जिवंत हातात लागतो. शेतकऱ्याच्या टिपरीला यादीचा लेप देता येत नाही. शिवाय क्रमात सापडलेल्या जनुकांपैकी पुष्कळांचं काम काय, हे कोणालाच ठाऊक नाही, आणि ते कळायचं तर तो जीव वाढवून त्याच्यावर प्रयोग करावे लागतात.

याच भारावलेल्या काळात माझं जिवंत संवर्धनांकडे दुर्लक्ष झालं. आजींच्या उसातला ॲसिटोबॅक्टर आणि चोपण मातीतले ते पारदर्शक ठिपक्यांचे जिवाणू, सगळे एकाच डीप फ्रीझरमध्ये, एकाच प्रतीत होते. स्लँटवर पॅराफिनचं तेल ओतून ठेवलं असतं तरी काही वर्षं टिकले असते. गोठवून वाळवलेल्या कुप्या करून घेता आल्या असत्या. सत्तरेक किलोमीटरवर पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा सूक्ष्मजीव संग्रह आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं तो २००९ साली सुरू झाला, बुडापेस्ट कराराखाली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे, आणि जगातल्या मोठ्या संग्रहांत त्याची गणना होते. तिथं एक कुपी जमा करायला मला एक फॉर्म भरायचा होता. पुढच्या आठवड्यात भरू, असं म्हणत राहिले. एका पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळला, वीज बराच काळ आली नाही, जनरेटरला डिझेल नव्हतं आणि फ्रीझर वितळला. त्यातलं पुन्हा काहीच उगवलं नाही. त्या ॲसिटोबॅक्टरचा डीएनए क्रम माझ्या संगणकावर पूर्ण आहे.

मी हे असं गमावत होते तेव्हा जगात उलट दिशेनं काम चाललं होतं. क्रम वाचून वाचून शास्त्रज्ञांना कळलं की जितकं वाचावं तितका न वाढवलेल्यांचा डोंगर मोठा दिसतो, आणि ते पुन्हा बशीकडे, नळीकडे वळले. समुद्रातला एसएआर ११ हा गट १९९० साली केवळ डीएनएवरून कळला. पृष्ठभागाजवळच्या पाण्यात तीन पेशींमागे सुमारे एक पेशी त्याची. इतका मुबलक जीव वाढवायला २००२ साल उजाडलं. स्टीफन जिओव्हानोनी यांच्या प्रयोगशाळेनं समुद्राचंच पाणी माध्यम म्हणून वापरलं आणि नमुना इतका विरळ केला की एका खळग्यात मोजक्याच पेशी पडाव्यात. त्यामुळे धावणाऱ्यांनी रांगणाऱ्यांना चिरडलं नाही. पुढं त्याचा जनुकसंच वाचल्यावर कळलं की त्याला गंधकाची विशिष्ट संयुगं बाहेरून लागतात. म्हणजे वाचणं आणि वाढवणं ही कामं एकमेकांच्या आधारानं पुढं गेली. मी मात्र एक हातात घेताना दुसरं टाकून दिलं होतं.

अमेरिकेत स्लाव्हा एपस्टाइन आणि किम लुईस यांनी त्याहून सरळ रस्ता धरला. पेशी प्रयोगशाळेत आणण्याऐवजी त्यांनी ती बारीक छिद्रांच्या पट्टीत एकेकटी बंद केली, दोन्ही बाजूंना पातळ पडदे लावले आणि पट्टी पुन्हा मातीतच पुरली. मातीतले क्षार, अन्न, शेजाऱ्यांचे रासायनिक निरोप पडद्यातून आत जातात, पेशी बाहेर पडत नाही. बशीत शंभरातली एक पेशी वाढायची तिथं या पट्टीत जवळजवळ निम्म्या वाढल्या. अशा सुमारे १०,००० जिवाणूंतून मेन राज्यातल्या गवताळ मातीतला एक निघाला, आणि त्याच्याकडून टेक्सोबॅक्टिन हे नवं प्रतिजैविक मिळालं. ते २०१५ साली जाहीर झालं. जपानमध्ये हिरोयुकी इमाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रतळाच्या गाळातला एक आर्किया वाढवायला बारा वर्षं घेतली. त्याची संख्या दुप्पट व्हायला चौदा ते पंचवीस दिवस लागतात आणि तो एकटा वाढत नाही, सोबती लागतो. आपल्यासारख्या जटिल पेशींच्या पूर्वजांचा तो जवळचा नातेवाईक मानतात. २०२० साली तो निबंध आला तेव्हा मी माझ्या ४८ तासांचा विचार करत बराच वेळ बसून राहिले.

आणि काही अजूनही हाती लागलेले नाहीत. कुष्ठरोगाचा जिवाणू हॅन्सन यांनी १८७३ साली पाहिला. आजपर्यंत तो कुठल्याही कृत्रिम माध्यमात वाढलेला नाही. उंदराच्या पायात आणि आर्माडिलोत वाढवून काम भागवावं लागलं. बाबा आमट्यांनी तर या जंतूवरच्या प्रयोगासाठी स्वतःचं शरीर देऊ केलं होतं. एका न वाढणाऱ्या जिवाणूनं संशोधनाचा वेग किती रोखून धरला, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

जवळचं उदाहरण मला पुण्यात, आघारकर संशोधन संस्थेत मिळालं. भातखाचरांतून मिथेन वर येतो आणि तो खाणारे जिवाणू भाताच्या मुळांपाशी असतात. ते भारतातून वाढवून वेगळे काढण्याचं काम मोनाली रहाळकर यांच्या गटानं चिकाटीनं केलं. हवेबरोबर मिथेन भरलेल्या बाटल्या, पुनःपुन्हा विरळ करणं आणि वाट पाहणं. त्यातून आपल्याच भातखाचरांतला, काकडीसारख्या आकाराचा एक नवा वंश निघाला, आणि त्याचं नाव मिथायलोक्युक्युमिस. यातलं कोणतंही साहित्य माझ्या प्रयोगशाळेला परवडणार नाही असं नव्हतं. मी फक्त त्या वाटेला गेले नव्हते.

आप्पांकडे जायला मला उशीर झाला, हेही सांगायला हवं. चूक कळल्यावर लगेच गेले नाही. चौफुल्याहून पारगावच्या बाजूनं कितीदा तरी त्यांच्या गावावरून पुढे गेले, थांबले नाही. शेवटी गेले तेव्हा त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तवाच सांगायचं हुतं. गाळाचं पैसं गेलं ते गेलं. पर तुमच्या कागदावर आणिक कुणाकुणाची रानं मेलीत, त्यांना तरी सांगा." त्यांचं म्हणणं मला टाळता येण्यासारखं नव्हतं. जुन्या नोंदवह्या काढल्या. ज्या ज्या अहवालात मी मृतप्राय किंवा जिवाणू नगण्य असं लिहिलं होतं, त्या सगळ्यांना दुरुस्तीचं पत्र लिहिलं: हा आकडा फक्त एका माध्यमात दोन दिवसांत वाढणाऱ्या जिवाणूंचा आहे, यावरून जमीन मेली असं ठरत नाही, सामू आणि क्षारता पाहून आधी निचऱ्याचं करा. काही पत्रं परत आली. काही जणांनी तोवर ऊस मोडून दुसरं काही केलं होतं. एकानं फोन करून मला चांगलंच सुनावलं. त्याला तो अधिकार होता. आप्पांनी पुढं चर काढले, जिप्सम टाकलं, आता तिथं फुले २६५ ऊस उभा आहे.

त्या मुलीलाही मी पत्र लिहिलं. ती आता परराज्यात एका औषध कंपनीत आहे. तिनं तिची विरळ माध्यमांची जुनी टिपणं स्कॅन करून पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं की मॅग्नेशियमचं प्रमाण थोडं वाढवून बघा.

आता प्रयोगशाळेची सूत्रं माझ्या हातात नाहीत, पण रोज जाते. अहवालातली ती ओळ बदलली आहे. तिच्यात माध्यम, सामू, तापमान आणि किती आठवडे ठेवलं हे लिहिलेलं असतं. फॉस्फेट वेगळं उकळतो. बशा सुकू नयेत म्हणून डब्यात ओलं फडकं ठेवून त्या ३० अंशांना आठवडेच्या आठवडे ठेवतो, आणि मावशींनी पाहिल्याशिवाय एकही बशी धुण्याला जात नाही. हाती लागलेल्या प्रत्येक जिवाणूची एक कुपी आमच्याकडे राहते आणि एक पुण्याच्या संग्रहाला जाते. ते काम आधी, बाकीचं नंतर.

आजींच्या रानात आता कांदा आहे, तो खोडवा केव्हाच मोडला. आजी राहिल्या नाहीत. त्यांच्या नातवानं बांधाच्या कडेला रसासाठी म्हणून काही जुनी बेटं राखली आहेत. त्यांतली कांडी गेल्या हंगामात आणली. रस पिळून पूर्ण साखरेच्या माध्यमात घातला. साय धरली आहे, पण ती पांढरी आहे, नारिंगी नाही. म्हणजे हा दुसरा कोणीतरी आहे, किंवा दोघं एकत्र आहेत. सध्या त्याला विरळ करत वेगळं काढायचं चाललं आहे. पोरं घाई करतात, चार दिवसांत नळ्या टाकून नव्या लावू म्हणतात. मी त्यांना थांबवते. यंदाच्या नमुन्यांसोबत युरिया केव्हा टाकला याची तारीख आणि बेणं कुठून आणलं हे दोन रकाने आम्ही नव्यानं घातले आहेत, आणि दौंडच्या बाजूचे नमुने यायला सुरुवात झाली आहे.